आई ‘एसटीनं येईन’ म्हणते तेव्हा

पत्र

ताई, मी 39 वर्षांचा. नोकरी पुण्यात, गाव कराडजवळ. आई (वय 71) गावीच असते. दर महिन्याला तिला तपासणीसाठी पुण्याला आणतो आणि दोन दिवसांनी परत सोडतो. 14 वर्षं गाडी चालवतोय, एकही अपघात नाही. मी 110-120 ने जातो हे खरं, पण गाडी पूर्ण माझ्या ताब्यात असते. खरा त्रास आहे तो उजवी लेन अडवून 50-60 ने चालणाऱ्यांचा.

गेल्या महिन्यात आईला घेऊन येताना अतीत गावाच्या अलीकडे एक जुनी गाडी अशीच उजवीकडून चालली होती. डिपर दिला, हॉर्न दिला, हलेना. शेवटी डावीकडून काढली, त्यांच्या पुढे घेतली आणि एकदा कचकन ब्रेक दाबला. त्यांना कळायला पाहिजे म्हणून. आत एक म्हातारं जोडपं होतं. झालं काहीच नाही. आई पुढच्या सीटवर आदळली, पण लागलं नाही. माझा मुलगा (वय 9) तर ‘बाबा, भारी!’ म्हणून ओरडला. पण तेव्हापासून आई म्हणते, ‘पुढच्या खेपेला मी आपली एसटीनं येईन.’ बायको त्या विषयावर बोलतच नाही.

कुणी कट मारून पुढे गेलं की माझ्या डोक्यात जातं, हे कबूल करतो. पण लेन अडवणारा चुकीचा की मी? आणि आईची समजूत कशी काढू?

– एक कराडकर

उत्तर

कराडकर, लेनबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते आधीच सांगून टाकते. चार पदरी रस्त्यावर डावीकडून चालायचं, उजवी बाजू पुढे जाण्यासाठी वापरायची आणि पुढे गेलं की परत डावीकडे यायचं. 60 ने चालणाऱ्यानं उजवीकडे ठाण मांडून बसू नये. या मुद्द्यावर तुम्ही कुणाशीही वाद घातलात तर मी तुमच्या बाजूनं आहे.

पण तो माणूस उजवीकडे का असतो, हे कधी बघितलंय? त्या रस्त्यावर डावी लेन म्हणजे काय असतं ते तुम्हालाही माहीत आहे. सर्व्हिस रोडवरून न बघता वर येणारे दुचाकीवाले, उलट्या दिशेनं येणारी एखादी मोटरसायकल, टायर बदलायला दिवे न लावता उभा केलेला ट्रक, हात दाखवला की थांबणारी वडाप जीप. शिवाय सहापदरीकरणाच्या कामामुळे मध्येच येणारी वळणं. सत्तरीतल्या माणसाला या सगळ्यातून 60 ने जाताना धाकधूक होते, म्हणून तो दुभाजक धरून चालतो. तिथं एका बाजूनं तरी कुणी अंगावर येणार नाही, असा त्याचा हिशोब असतो. तो हिशोब चुकलेला आहे, पण तो घाबरलेल्या माणसाचा आहे. तुम्ही तो तुमचा अपमान म्हणून वाचलात.

आता त्या ब्रेकबद्दल. यात मी काहीही सौम्य करून सांगणार नाही. गाडी 100 च्या वेगात असते तेव्हा एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर जाते, आणि 60 ला सुद्धा 17 मीटर. समोरचा लाल दिवा दिसणं, तो डोक्यात शिरणं आणि पाय ब्रेकवर पोचणं यात तरण्या माणसाचाही एक सेकंद सहज जातो. तुम्ही त्या आजोबांच्या पुढे किती अंतरावर शिरलात? दहा मीटर? म्हणजे त्यांना अर्धा-पाऊण सेकंद दिलात आणि त्यात गाडी थांबवून दाखवा म्हणालात. ते थांबले, किंवा तुम्ही वेळेवर पाय उचललात, म्हणून ‘झालं काहीच नाही’ असं तुम्हाला लिहिता आलं. ते धडकले असते तर तुमच्या गाडीच्या मागच्या बाजूला धडकले असते, आणि मागे तुमची आई आणि तुमचा मुलगा बसले होते. धडा शिकवायला तुम्ही त्या दोघांना पुढे केलंत. गरज नसताना अचानक ब्रेक मारू नये, असं वाहन चालवण्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. पण नियम नसता तरी हे कळायला हवं होतं.

आणि आई पुढच्या सीटवर आदळली, म्हणजे तिला पट्टा लावलेला नव्हता. मागच्या सीटवरही पट्टा लावणं बंधनकारक आहे. मुलाला होता का? आजपासून सगळ्यांचे पट्टे लागल्याशिवाय किल्ली फिरवू नका. यावर चर्चा नको.

‘14 वर्षांत एकही अपघात नाही’ हे वाक्य मला खूप पत्रांत भेटतं, आणि ते लिहिणारे खोटं बोलत नसतात. 2022 साली आपल्या देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. सरकारी नोंदीप्रमाणे त्यातल्या दर 10 मृत्यूंपैकी 7 अतिवेगाच्या खात्यावर आहेत. त्या गाड्या चालवणाऱ्यांपैकी कितीतरी जण आदल्या संध्याकाळपर्यंत हेच वाक्य म्हणत असतील. गाडी तुमच्या ताब्यात असते, मान्य. पण रस्त्यावर दुभाजकाच्या फटीतून डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन पलीकडच्या रानात जाणारी बाईही असते, ती तुमच्या ताब्यात नसते. नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज, सगळीकडे हेच. गाव अलीकडे, शेत पलीकडे, आणि मधून हायवे गेलेला. भुयारी मार्ग अर्धा किलोमीटर लांब असला की माणूस फट शोधतोच. 120 ने येणारी गाडी किती लांब आहे, याचा अंदाज तिला येत नाही. साठ वर्षं तिनं बैलगाडी, सायकल आणि एसटी यांचा वेग बघून रस्ता ओलांडलाय.

वेगाचं गणित सरळ नसतं, हेही सांगायला हवं, कारण 60 वरून 120 म्हणजे ‘दुप्पट’ असं आपल्याला वाटतं. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांवर 60 ला नुसता ब्रेक दाबल्यापासून थांबायला साधारण 20 मीटर लागत असतील, तर 120 ला 80 मीटर लागतात. वेग दुप्पट, थांबायला जागा चौपट. आणि पाय ब्रेकवर पोचायच्या आधी गेलेले 33 मीटर वेगळेच. म्हणजे शंभर मीटरवर बाई दिसली आणि तुम्ही जगातले सर्वांत तरबेज चालक असलात, तरी गाडी तिच्या अलीकडे थांबत नाही.

मिळतं काय यातून? पुणे ते कराड साधारण 160 किलोमीटर. त्यातलं खंबाटकी घाटाचं, टोलनाक्यांचं, डायव्हर्जनचं आणि कात्रजच्या अलीकडच्या गर्दीचं अंतर सोडा. पाय मोकळा सोडता येईल असा रस्ता अगदी सढळ हातानं 100 किलोमीटर धरते. तो 90 ने गेलात तर 67 मिनिटं लागतात, 120 ने गेलात तर 50. सतरा मिनिटं, तीही मध्ये एकदाही वेग कमी करावा लागला नाही तर. तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, तीन टोलनाके आहेत वाटेत. जिला तुम्ही अतीतला मागे टाकलंत ती गाडी आनेवाडीला तुमच्या शेजारच्या रांगेत उभी असते, हे तुम्ही स्वतः बघितलं असेल. शिवाय चार पदरी महामार्गावर मोटारीसाठी केंद्रानं ठरवलेली कमाल मर्यादा 100 आहे, आणि फलकावर त्याहून कमी आकडा असेल तिथं फलकाचा आकडा खरा. या सतरा मिनिटांत आई पुण्याला लवकर पोचली तरी करणार काय? तपासणी तर दुसऱ्या दिवशी असते.

मला वाटतं तुम्हाला घाई नसतेच. मोबाइलवरच्या नकाशात पोचण्याची वेळ दिसते आणि ती कमी करून दाखवायची एक चढाओढ मनात सुरू होते. मग रस्त्यावरचा प्रत्येक जण त्या चढाओढीतला भिडू होतो. पुढचा अडवतोय, मागचा चढतोय, बाजूचा कट मारतोय. अशा मनानं चाक धरलं की 160 किलोमीटरमध्ये चिडायला दोनशे माणसं मिळतात. पुढच्या वेळी ती वेळ दाखवणारा नकाशा बंद ठेवा. तुम्हाला हा रस्ता पाठ आहे, त्याची गरज नाही. आणि निघायची वेळ अर्ध्या तासानं अलीकडे आणा.

कुणी पुढे गेलं की डोक्यात जातं, असं लिहिलंत, ते प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून एक नियम सांगते. आपल्याला कुणी ओव्हरटेक करत असेल तेव्हा आपला वेग वाढवायचा नाही आणि त्याला अडेल असं काही करायचं नाही, हे नियमात फार पूर्वीपासून आहे. चढ चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्यानं वाट द्यायची, हेही आहे. अरुंद घाटात जुने एसटीचे चालक अजून ते पाळतात. वरून येणारी एसटी कडेला दाबून थांबते आणि चालक खिडकीतून हात काढून ‘ये’ म्हणतो. वाट देणाऱ्याचं कधी काही कमी झालेलं मी पाहिलं नाही. तो पुढे गेला, जाऊ द्या. तो पुण्यात कुठं राहतो हेही तुम्हाला माहीत नाही, आणि कळणारही नाही.

हॉर्नबद्दल मला जे शिकायला मिळालं ते इथं सांगते, कारण ते तुमच्याच भागात घडलं. गळिताचा हंगाम होता. उंब्रजहून मसूरकडे जाताना माझ्या पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रेलर, रस्ता अरुंद. मी दोन-तीन मिनिटं हॉर्न वाजवत होते. जरा रुंद जागा आली तसा त्यानं ट्रॅक्टर बाजूला घेतला आणि खाली उतरून पळत मागे आला. विशी-बाविशीचा पोरगा. मला वाटलं आता भांडणार. त्यानं ट्रेलरची साखळी हलवून बघितली, चाकं बघितली आणि माझ्या काचेशी येऊन विचारलं, “ताई, मागं काय पडलं का?” इतका वेळ कुणी हॉर्न वाजवतंय म्हणजे आपल्याला काहीतरी सांगायचं असणार, असं त्याला वाटलं होतं. माझ्याकडे त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं. “काही नाही भाऊ, चुकलं माझं,” एवढंच म्हणता आलं. त्यानं हसून हात केला आणि मला पुढे जाऊ दिलं. त्या दिवसापासून हॉर्नवर हात जातो तेव्हा मी स्वतःला विचारते, समोरच्याला मला काय सांगायचंय? बहुतेक वेळा हात परत येतो.

उजवी लेन अडवणारा पुन्हा भेटणार आहे, म्हणून त्याचंही सांगते. मागे चिकटू नका. त्याच्या आणि तुमच्यामध्ये निदान दोन-तीन सेकंदांचं अंतर ठेवा. कडेचा एखादा खांब त्यानं ओलांडला की तुम्ही तिथं पोचेपर्यंत मोजा. उजवा इंडिकेटर, एक डिपर, आणि मग थांबा. वयस्कर माणसाला आरसा बघून, डावीकडची दुचाकी जाऊ देऊन लेन बदलायला दहा-पंधरा सेकंद लागतात. लागू द्या. मागे चिकटलेल्या, दिवे मारणाऱ्या गाडीला घाबरून तो चाक आणखी घट्ट धरतो आणि जिथल्या तिथं राहतो. नाहीच सरकला तर मागे पडून चला. डावी बाजू लांबवर मोकळी असेल तर सावकाश पुढे जा, आणि त्याची अख्खी गाडी तुमच्या आतल्या आरशात दिसेपर्यंत त्याच्या पुढे येऊ नका. त्यानं वाट दिली तर हात करा. वारीत एवढ्या गर्दीतून पुढे जाणारा माणूस सुद्धा ‘माउली, माउली’ म्हणत जातो आणि पुढचा अंग चोरून वाट देतो. वाट मागायची आपली रीत ती आहे.

आईच्या रस्त्यावरच्या दोन जागा मात्र वेगळ्या लक्षात ठेवा, कारण त्या पुण्याकडे येतानाच लागतात. एक, खंबाटकीचा बोगदा संपल्यावर उतारावर येणारं ‘एस’ वळण. बोगद्यातून गाडी वेग घेऊनच बाहेर पडते आणि वळण एकदम समोर येतं. दुसरी, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथं उतारावरून आलेल्या एका अवजड गाडीनं एकापाठोपाठ अनेक वाहनांना ठोकरलं होतं. तिथं तुम्ही कितीही नीट चालवा, मागून येणाऱ्या अवजड गाडीचे ब्रेक तुमच्या हातात नसतात. खालच्या गिअरमध्ये उतरा आणि लेन बदलत राहू नका.

आता आई. ‘समजूत कशी काढू’ असं विचारलंत. मला वाटतं, समजूत काढायची गरज तिला नाही. तुमच्या शेजारी आणि मागे बसणारी तीन माणसं आहेत. आई घाबरते, बायको गप्प होते, मुलगा टाळ्या पिटतो. गाडी कशी चालते हे सांगणारे तुमच्याकडे हे तीनच साक्षीदार आहेत, आणि त्यातल्या फक्त एकाचं तुम्ही ऐकताय, ज्याला अजून काही कळत नाही त्याचं. आई गाडी चालवत नाही म्हणून तिला गाडीतलं समजत नाही, असं धरू नका. तिला बसणाऱ्या माणसाचं समजतं. हातानं दार गच्च धरून तीन तास बसलेल्या बाईचे पुण्यात उतरल्यावर पाय का लटपटतात, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना कळणार नाही. तुम्हाला कळू शकतं. आणि तिनं ‘तू गाडी नीट चालवत नाहीस’ असं म्हटलेलं नाही. लेकाला लागेल असं काही न बोलता तिनं स्वतःची सोय एसटीत शोधली. तुमच्या पत्रातलं हे मला सगळ्यात जड गेलं.

मुलाशी तुम्ही स्वतः बोला, बायकोवर सोपवू नका. त्याच्या ‘भारी’चं उत्तर अजून दिलेलं नाही तुम्ही. त्याला बसवून साध्या शब्दांत सांगा: ‘त्या दिवशी मी त्या आजोबांना घाबरवलं. ते चुकीचं होतं. आजीला लागलं असतं.’ नऊ वर्षांच्या पोराला एवढं पुरतं. आणखी नऊ वर्षांनी तो लायसन्स काढेल आणि तुमच्यासारखीच गाडी चालवेल. आज तो मागच्या सीटवर बसून तेच शिकतोय.

बायकोला विचारा, चालवते का? चालवत असेल तर कराड ते आनेवाडी तिच्या हाती द्या आणि तुम्ही मागे आईशेजारी बसा. नसेल चालवत, तर निदान एवढं ठरवा की गाडीतलं कुणीही ‘हळू’ म्हणालं की तुमचा पाय वर येणार, का ते विचारायचं नाही. सुरुवातीला चिडचिड होईल. चिडचिड झाली की शिरवळच्या आसपास कुठं तरी थांबून चहा घ्या, दहा मिनिटं पाय मोकळे करा. नकाशा बंद असेल तर त्या दहा मिनिटांचा हिशोब मागायला कुणी नसेल.

पण हे सगळं नंतरचं. पुढच्या महिन्याची तपासणी आहे ना, तेव्हा आईला गाडीनं आणू नका. तिला एकटीला एसटीनंही येऊ देऊ नका. तुम्ही आदल्या दिवशी स्वारगेटहून एसटीनं गावी जा, रात्री तिच्या हातचं जेवा आणि सकाळी तिच्याबरोबर कराड स्टँडवर या. जाताना कदाचित काही बोलणं होणार नाही, तरी चालेल. एसटीला वेग-नियंत्रक असतो, चालकाला वाटलं तरी ती तुमच्यासारखी धावणार नाही. उजव्या लेनमध्ये कुणी आडवं असेल तर तुम्हाला काहीच करता येणार नाही, नुसतं बसावं लागेल. किती वेळ जास्त लागला ते स्वारगेटला उतरल्यावर घड्याळात बघा. आणि प्रवासात मधूनमधून आईच्या हातांकडे बघा, ते कुठं आहेत. तुमच्या गाडीत ते कुठं असतात हे तुम्ही कधी बघितलं नसेल, कारण तुमचं लक्ष पुढच्या गाडीवर होतं.

कंडक्टर आला की दोन तिकिटं काढा, आईचं अर्धं आणि तुमचं पूर्ण. खिडकीची जागा तिला द्या.